थांबून वाचायची अक्षरं

हिरव्या जमिनीवर लाल जाळ. लांबून पाहिलं तर आगीचा लोळच वाटावा, खालून निमुळता निघून वर फोफावत गेलेला. जवळ गेल्यावर ध्यानात येतं, की या ज्वाळा म्हणजे अक्षरं आहेत. एकमेकांना खेटून, आपापल्या जागेप्रमाणे फुगून, आखडून, वळून बसलेली. ती वाचायची तर पाय थांबवावे लागतात, मान तिरपी करावी लागते, आणि मग एकेक नाव हळूहळू वर येतं: द असोसिएशन, क्विकसिल्व्हर मेसेंजर सर्व्हिस, ग्रास रूट्स, सॉपविथ कॅमल. 22 आणि 23 जुलै 1966, फिलमोर ऑडिटोरियम, सॅन फ्रान्सिस्को. चित्रकाराचं नाव वेस विल्सन, वय 29.

जाहिरातीच्या धंद्याचे सगळे नियम या कागदाने मोडले होते. रस्त्यावरचं पोस्टर चालत्या माणसाला एका नजरेत वाचता आलं पाहिजे, हा त्या धंद्यातला पहिला धडा. कार्यक्रमाचा आयोजक बिल ग्रॅहम याचीही तक्रार हीच होती: यावरचं वाचणार कोण? विल्सनचं म्हणणं असं, की वाचता येत नाही म्हणूनच लोक थांबतील आणि वाचतील. ग्रॅहम हिशेबी माणूस होता, पण त्याला याचा पडताळा स्वतःच्या डोळ्यांनी मिळाला. स्कूटरवरून हिंडत तो स्वतः पोस्टरं ठोकायचा, आणि परतताना पाहावं तर लोक ती खांबावरून सोडवून घरी नेत असायचे. जी जाहिरात लोक चोरून नेतात आणि भिंतीवर लावतात, तिला जाहिरात म्हणायचं की चित्र, हा प्रश्न तिथेच, रस्त्यावर उभा राहिला.

रॉक आणि चित्रकला यांचं नातं सांगताना बहुधा ‘प्रभाव’ हा शब्द वापरला जातो. संगीताचा चित्रांवर प्रभाव पडला, चित्रांचा संगीतावर पडला, असं. मला तो शब्द अपुरा वाटतो. सॅन फ्रान्सिस्कोत 1965 ते 1968 या काळात जे घडलं ते शेजारातून घडलं. नाचाचा हॉल, छापखाना, कलाशाळा, स्वस्त भाड्याची जुनी घरं आणि सार्वजनिक वाचनालय हे सगळं एकाच शहरात, एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर होतं. म्हणून या प्रकरणात गाण्यांपेक्षा पत्ते जास्त येणार आहेत.

पहिला पत्ता गिअरी आणि फिलमोर या रस्त्यांच्या कोपऱ्यावरचा. या वस्तीत पूर्वी जपानी वंशाची कुटुंबं मोठ्या संख्येने राहत. 1942 साली अमेरिकी सरकारने त्यांना उचलून छावण्यांत कोंडलं. रिकाम्या झालेल्या घरांत युद्धकाळातल्या जहाजबांधणीच्या कामासाठी दक्षिणेकडून आलेली कृष्णवर्णीय कुटुंबं राहू लागली, आणि काही वर्षांत हा भाग ‘पश्चिमेचं हार्लेम’ म्हणून ओळखला जाऊ लागला. गल्लोगल्ली जॅझचे क्लब निघाले. चार्ल्स सलिव्हन हा कृष्णवर्णीय आयोजक इथला जुना नाचाचा हॉल चालवत असे. फिलमोर ऑडिटोरियम हे नाव त्यानेच दिलेलं. 1965च्या डिसेंबरात त्याने तो हॉल ग्रॅहमला एका मदतनिधीच्या कार्यक्रमासाठी दिला. ग्रॅहम तेव्हा एका पथनाट्य मंडळीचा व्यवस्थापक होता. बर्लिनमध्ये जन्मलेला, नाझींच्या तावडीतून निसटून 1941 साली न्यूयॉर्कला पोहोचलेला हा ज्यू मुलगा, आणि त्याच्या हाती हॉल देणारा हा कृष्णवर्णीय व्यावसायिक. ऑगस्ट 1966 मध्ये सलिव्हनचा गोळी घालून खून झाला. पुढे पुनर्विकासाच्या नावाखाली त्या वस्तीतले चौकच्या चौक पाडले गेले. रॉकच्या इतिहासात फिलमोरचं नाव अमर झालं, त्यामागे नाचाचा हॉल चालवण्याचा सलिव्हनचा परवाना होता, हे फार कमी ठिकाणी लिहिलेलं सापडतं. ते मला इथे आधी लिहून ठेवायचं होतं.

दुसरा हॉल सटर आणि व्हॅन नेस रस्त्यांच्या नाक्यावरचा, अ‍ॅव्हलॉन बॉलरूम. तो चालवणारा चेट हेल्म्स टेक्ससहून वाटेत मिळेल त्या गाडीतून आलेला, सोबत जॅनिस जॉप्लिन नावाची एक गायिका. त्याच्या मंडळाचं नाव ‘फॅमिली डॉग’. दोन्ही हॉलांत खुर्च्या नव्हत्या. लोक उभ्याने ऐकत, नाचत, जमिनीवर बसत. दर आठवड्याच्या अखेरीला कार्यक्रम, म्हणजे दर आठवड्याला नवं पोस्टर. चित्रकाराला प्रेरणा कधी येते याची वाट पाहायला सवड नव्हती. विल्सन काही महिने दोन्ही हॉलांची पोस्टरं एकटा करत होता.

या साऱ्याचं बीज मात्र शहराबाहेर पडलं होतं. 1965च्या उन्हाळ्यात नेवाडातल्या व्हर्जिनिया सिटी या जुन्या खाणगावात ‘रेड डॉग सलून’ नावाच्या गुत्त्यात सॅन फ्रान्सिस्कोचा ‘शार्लटन्स’ हा बँड वाजवत होता. जुन्या पश्चिमेतले कोट, टोप्या घालून. त्यांची जाहिरात त्यांच्यापैकीच दोघांनी, जॉर्ज हंटर आणि मायकल फर्ग्युसन यांनी, हाताने चितारली. त्या धाटणीचं पहिलं पोस्टर म्हणून आज तेच ओळखलं जातं. म्हणजे सुरुवातीला वाजवणारा हात आणि काढणारा हात वेगळे नव्हतेच.

विल्सनला अक्षरांची ती वळणं सापडली कुठे, हा शोध मोठा गमतीचा आहे. तो काही कलाशाळेत शिकलेला नव्हता. त्याने वनशास्त्र आणि बागकाम यांचे वर्ग केले होते, आणि एका लहानशा छापखान्यात नोकरी धरली होती. 1965च्या अखेरीला बर्कलीच्या विद्यापीठात जुन्या जर्मन पोस्टरांचं प्रदर्शन भरलं. त्याच्या सूचिपत्रात विल्सनला आल्फ्रेड रोलर या व्हिएन्नाच्या चित्रकाराची अक्षरं दिसली. रोलरने 1903 साली एका कलाप्रदर्शनासाठी केलेल्या पोस्टरात प्रत्येक अक्षर म्हणजे जवळजवळ भरीव चौकोन आहे. दोन अक्षरांमध्ये केसाएवढी फट, आणि त्या फटीवरूनच अक्षर ओळखायचं. विल्सनने हा चौकोन वितळवला. अक्षराने जागा भरायची हे रोलरचं तत्त्व त्याने ठेवलं, पण ती जागा कधी ज्योत झाली, कधी बाईचे केस, कधी नुसता बुडबुडा. योगायोग असा, की हा रोलर पुढे व्हिएन्नाच्या ऑपेरात संगीतकार माहलरसाठी नेपथ्य करत असे. ती अक्षरं साठ वर्षांनी पुन्हा संगीताच्याच दारी आली.

तिसरा पत्ता छापखान्याचा. या पोस्टरांच्या गोष्टीत छापखान्यातल्या लोकांना जागा मिळत नाही, आणि ते मला अन्यायाचं वाटतं. सॅन फ्रान्सिस्को हे छपाईचं जुनं शहर होतं. तिथल्या लेव्हॉन मोसगोफियन या मुद्रकाच्या हाताखालून अ‍ॅव्हलॉन आणि फिलमोरची कितीतरी पोस्टरं निघाली. त्याच्या छापखान्याला पुढे ‘टी लोट्रेक’ असं नाव पडलं, तुलूझ-लोट्रेक या पोस्टरांच्या उस्तादाच्या नावावरची कोटी. प्लेट तयार करण्याच्या कामात त्याच्या जोडीला जो बकवॉल्ड होता. या बकवॉल्डचा मुलगा म्हणजे मार्टी बेलिन, ‘जेफरसन एअरप्लेन’ या बँडचा गायक, आणि फिलमोर रस्त्यावरच्या ‘मॅट्रिक्स’ या क्लबच्या संस्थापकांपैकी एक. मुलगा गाणार आणि बाप पोस्टरं छापण्याच्या धंद्यात राबणार! शहर लहान असलं की कला अशी घरातल्या घरात फिरते.

त्या छपाईतली एक युक्ती समजून घेण्यासारखी आहे. ऑफसेट यंत्रात शाई एका लांबट पन्हळीत भरतात, तिथून ती रोलरांवर जाते. एका वेळी एक रंग. दुसरा रंग हवा तर कागद पुन्हा यंत्रातून काढायचा, म्हणजे पुन्हा वेळ, पुन्हा पैसे. पण त्याच पन्हळीत एका टोकाला पिवळी आणि दुसऱ्या टोकाला लाल शाई ओतली, तर मध्ये रोलरच्या घासण्याने दोन्ही मिसळतात आणि एकाच फेरीत कागदावर पिवळ्यातून नारिंगी, नारिंगीतून लाल असा उतरता रंग मिळतो. मुष्टियुद्धाच्या आणि नाचगाण्यांच्या स्वस्त पोस्टरांसाठी ही काटकसर जुनीच होती. यातली मेख अशी, की शाई सतत मिसळत राहिल्यामुळे कोणत्याही दोन प्रती तंतोतंत सारख्या निघत नाहीत. ज्या रंगसंगतीला पुढे लोक गूढ, स्वप्नवत वगैरे म्हणू लागले, तिच्या मुळाशी मुद्रकाचा हिशेब होता. त्याने तिचं मोल कमी होतं असं मला मुळीच वाटत नाही.

व्हिक्टर मोस्कोसो हा या मंडळींतला खरा शिकलेला. स्पेनमध्ये जन्मलेला, ब्रुकलिनमध्ये वाढलेला, येल विद्यापीठात योझेफ आल्बर्सकडून रंग शिकलेला. आल्बर्सचा सारा अभ्यास एका प्रश्नाभोवती फिरे: एका रंगाशेजारी दुसरा रंग ठेवला की दोघांचं काय होतं? विरुद्ध रंग, म्हणजे लाल आणि हिरवा किंवा निळा आणि नारिंगी, सारख्याच तेजाचे घेऊन एकमेकांना भिडवले, तर त्यांच्या सीमेवर डोळा ठरत नाही. कोणता पुढे आणि कोणता मागे, हे मेंदूला ठरवता येत नाही आणि कडा थरथरू लागते. वर्गात ही थरथर टाळायला शिकवत. मोस्कोसोने नेमकी तीच पकडली. शाळेत शिकलेलं सगळं उलटं केलं तेव्हा जमलं, असं तो सांगत असे. पण उलटं करायला आधी सुलटं ठाऊक असावं लागतं. मॅट्रिक्स क्लबसाठी त्याने ‘निऑन रोझ’ नावाने मालिका काढली. त्यात चेंबर्स ब्रदर्सच्या कार्यक्रमाचं एक पोस्टर आहे. एका स्त्रीचा चेहरा, डोळ्यांवर गॉगल, आणि सगळा मजकूर त्या गॉगलच्या काचांत. तिच्याकडे पाहायचं तर वाचावं लागतं, वाचायचं तर तिच्याकडे पाहावं लागतं. काही पोस्टरांत त्याने लाल आणि निळ्या आकृत्या एकावर एक छापल्या. हॉलमध्ये लाल-निळे दिवे आलटून पालटून लागले, की एक आकृती नाहीशी होई, दुसरी उमटे, आणि कागदावरचं चित्र हलू लागे. विजेच्या गिटारचा सूर जसा अंगाशी लागल्यासारखा थरथरतो, तसा रंग थरथरवण्याचं शास्त्र त्याच्याकडे होतं.

कलाशाळेचा पत्ता याआधीच द्यायला हवा होता. चेस्टनट रस्त्यावरच्या टेकडीवर ही शाळा होती. तिच्या भिंतीवर दिएगो रिवेराने 1931 साली काढलेलं भलंमोठं भित्तिचित्र आहे, शहर उभारणाऱ्या कामगारांचं. मोस्कोसो इथे आधी शिकला आणि मग शिळाछपाई शिकवू लागला. त्याच्याही काही वर्षं आधी इथल्या वर्गात जेरी गार्सिया नावाचा एक शाळकरी मुलगा येत असे. त्याचे मास्तर वॉली हेड्रिक हे चित्रकार, आणि शिवाय बँजो वाजवणारे. या शाळेतल्या मास्तरांचा चक्क स्वतःचा जॅझ बँड होता. गार्सियाने पुढे कुंचला बाजूला ठेवून गिटार धरली आणि ‘ग्रेटफुल डेड’ हा बँड उभा राहिला. चित्रकारांनी वाद्यं वाजवावीत, वाजवणाऱ्यांनी चित्रं काढावीत, हे या शहरात नवीन नव्हतं. 1871 साली सुरू झालेली ती शाळा पैशांअभावी 2022 साली बंद पडली.

त्या ग्रेटफुल डेडचं सर्वांत प्रसिद्ध चित्र मात्र वाचनालयातून आलं. स्टॅन्ली माउस आणि आल्टन केली ही जोडी चित्रं शोधायला सार्वजनिक वाचनालयात तासन्‌तास बसे. माउस डेट्रॉइटचा, मोटारींची आणि राक्षसांची चित्रं शर्टांवर फवाऱ्याने रंगवून विकणारा. केलीला मोटारसायकलींचं वेड. 1966च्या सप्टेंबरात अ‍ॅव्हलॉनच्या कार्यक्रमासाठी ते काहीतरी शोधत होते, तेव्हा त्यांच्या हाती उमर खय्यामच्या रुबायांची 1913ची सचित्र आवृत्ती लागली. चित्रकार एडमंड सलिव्हन. त्यात गुलाबांच्या ताटव्यात उभा असलेला, डोक्यावर गुलाबांचाच मुकुट ल्यालेला एक सांगाडा होता. त्यांनी ते पान कापून घेतलं, त्याला रंग दिले, भोवती अक्षरांची महिरप बसवली. वाचनालयाच्या पुस्तकाचं पान कापणं हा अपराधच, आणि ते दोघे पुढे हे मोकळेपणाने सांगत. पण निवड अचूक होती. मृत्यू समोर उभा असताना फुलं वेचणारा तो सांगाडा ‘कृतज्ञ मृत’ अशा अर्थाचं नाव धारण करणाऱ्या बँडसाठीच जणू अर्धशतक वाट पाहत होता. आज तो जगभर शर्टांवर, गाड्यांवर, लोकांच्या दंडांवर गोंदलेला दिसतो.

खय्याम मराठी वाचकाला परका नाही. फार्सीचे अध्यापक असलेल्या माधव जूलियन यांनी त्या रुबाया मूळ फार्सीतून मराठीत आणल्या, आणि फिट्‌झेराल्डच्या इंग्रजी रूपांतरावरूनही ‘द्राक्षकन्या’ वेगळी रचली. सलिव्हनने चित्रं काढली ती याच फिट्‌झेराल्डच्या इंग्रजीवर. म्हणजे निशापूरचा तो गणिती कवी एका वाटेने पुण्यातल्या रविकिरण मंडळापर्यंत आला आणि दुसऱ्या वाटेने सॅन फ्रान्सिस्कोच्या नाचाच्या हॉलपर्यंत गेला. आपल्याकडे त्याची कविता झाली, तिकडे पोस्टर. मला ही दोन भावंडं वाटतात, एकमेकांची ओळख नसलेली.

माउसने स्टुडिओ थाटला होता एका जुन्या अग्निशमन केंद्रात. बंब ठेवायची ती प्रशस्त जागा. तिथे ‘बिग ब्रदर अँड द होल्डिंग कंपनी’ हा बँड तालमी करी, जॅनिस जॉप्लिन गात असे, आणि बाजूला रेखाटनं चालत. बंबखान्याचं भाडं जर चित्रकाराला परवडलं नसतं, तर त्या गायिकेचा आवाज आणि त्या चित्रकाराची रेघ एका छपराखाली आल्या नसत्या. 1906च्या भूकंपातून आणि आगीतून वाचलेली हेट-अ‍ॅशबरीतली ऐसपैस लाकडी घरंही त्या काळी अशीच स्वस्त होती. कलेच्या इतिहासात घरभाड्यावर एक स्वतंत्र प्रकरण असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

पोस्टर पाहून हॉलमध्ये आलेल्या माणसाला आत आणखी एक चित्रकला भेटे, आणि ती टिकणारी नव्हती. भिंतभर रंग वाहत असत. याची सुरुवात 1952 साली सीमोर लॉक्स या कलाशिक्षकाने वर्गात केलेल्या प्रयोगांतून झाली. शिक्षक वर्गात पारदर्शिका दाखवायला वापरतात त्या प्रोजेक्टरवर काचेची उथळ बशी ठेवायची. तीत रंगवलेलं पाणी आणि रंगवलेलं तेल ओतायचं. वर दुसरी काचेची बशी टेकवायची आणि ती गाण्याच्या ठेक्यावर दाबायची, सोडायची, फिरवायची. तेल-पाणी मिसळत नाहीत, म्हणून रंगांचे थेंब फुटतात, पळतात, पुन्हा जुळतात, आणि ते सगळं भिंतीवर वीस-वीस फुटांचं होऊन श्वास घेऊ लागतं. अ‍ॅव्हलॉनमध्ये बिल हॅम हे काम करी, फिलमोरमध्ये टोनी मार्टिन. ही माणसं वादकच होती, फक्त त्यांच्या वाद्यातून आवाज निघत नव्हता. गाणं लांबलं तर यांनी लांबवायचं, गाणं थांबलं तर यांनी थांबायचं. ग्रेटफुल डेड एकेक गाणं वीस-पंचवीस मिनिटं वाजवू लागले, तेव्हा भिंतीवरच्या रंगांनाही तेवढा अवकाश मिळाला. कोण कोणाच्या मागे जात होतं, हे तिथे नाचणाऱ्यालाही सांगता आलं नसतं.

पण तिकिटावर नाव बँडचं असे. दिव्यांच्या कलावंतांना मानधन तुटपुंजं, आणि वाद्यवृंद मोठे होत गेले तसं ते आणखी मागे पडले. 1969च्या ऑगस्टमध्ये त्यांनी संघटना करून हेल्म्सच्या समुद्रकाठच्या नव्या हॉलवर संप पुकारला. त्यांच्या हाती फारसं लागलं नाही. त्यांच्या कामाचे फोटो आणि थोड्याफार फिती उरल्या आहेत. बशीतला तो एक क्षण मात्र धुऊन टाकताना प्रत्येक वेळी गेला.

पोस्टरांच्या बाजूला पैसा वेगाने आला. 1967च्या जुलैमध्ये विल्सन, माउस, केली, मोस्कोसो आणि रिक ग्रिफिन या पाच जणांचं एका दालनात एकत्र प्रदर्शन भरलं. ग्रिफिन दक्षिण कॅलिफोर्नियातल्या सर्फिंगच्या मासिकाचा व्यंगचित्रकार होता. त्याच वर्षी नोव्हेंबरात निघालेल्या ‘रोलिंग स्टोन’ नियतकालिकाच्या नावाची अक्षरं त्याने काढली, आणि 1968च्या फेब्रुवारीतल्या गिटारवादक हेंड्रिक्सच्या कार्यक्रमासाठी पंख फुटलेला, ज्वाळांतून झेपावणारा तो डोळा. सप्टेंबर 1967 मध्ये ‘लाइफ’ साप्ताहिकाने पोस्टरांच्या या वेडावर मुखपृष्ठकथा केली. खांबावरून फुकट सोडवून न्यायचा कागद आता दुकानांतून विकला जात होता, आणि त्यातले किती पैसे चित्रकाराचे, हा प्रश्न टळण्यासारखा राहिला नव्हता.

विल्सनने तो आधीच विचारला होता. 1967च्या मे महिन्यात त्याचं आणि ग्रॅहमचं मानधनावरून बिनसलं. फिलमोरसाठी केलेल्या शेवटच्या पोस्टरात त्याने एक साप काढला आणि त्याच्या तोंडात डॉलरचं चिन्ह दिलं. ग्रॅहमने ते पोस्टर छापलं आणि वाटलं. ही दोघांचीही थोरवी म्हणायला हवी.

आता पुढच्या आठवड्याचं पोस्टर कोण करणार? फिलमोरच्या आत काळे फळे असत. पुढे येणाऱ्या बँडची नावं त्यांवर रंगीत, नक्षीदार अक्षरांत लिहिलेली असत. ते काम बॉनी मॅक्लीन ही तिथली कर्मचारी करी. ग्रॅहमची सहकारी, त्याच वर्षी त्याची पत्नी झालेली. विल्सन गेला तेव्हा कुंचला तिच्या हाती आला. पहिल्या काही पोस्टरांत विल्सनची अक्षरं दिसतात, मग हळूहळू तिचे स्वतःचे चेहरे येऊ लागले. लांबट, शांत, जुन्या चर्चच्या रंगीत काचांतल्या संतांसारखे, आवाजाच्या गदारोळात डोळे मिटल्यासारखे. तिने अशी सुमारे तीस पोस्टरं केली, आणि ती आज संग्रहालयांत आहेत. फळ्यावरचं तिचं आधीचं लेखन मात्र कार्यक्रम झाला की पुसलं जाई, आणि त्या जागी ती पुढच्या आठवड्याची नावं लिही.